साडूंच्या तेवीस गाड्या

माझे साडू जगातल्या कोणत्याही थांबलेल्या वस्तूवर विश्वास ठेवत नाहीत. चालत्या वस्तूला आपण सगळेच जपून असतो. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहतो, फिरत्या पंख्यात बोट घालत नाही. साडूंचं भय उलट्या दिशेचं आहे. पंखा बंद आहे, ट्रक उभा आहे, कुकर गार झाला आहे, असं काही दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. "उभी आहे म्हन्ता, पन कोनाच्या भरोशावर उभी आहे?" हा त्यांचा आवडता प्रश्न. तो त्यांनी ट्रकबद्दल विचारला आहे, शिडीबद्दल विचारला आहे, आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल विचारला आहे, आणि एका साखरपुड्यात, मांडवाच्या खांबाला हात लावून, भर जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं विचारला आहे. त्या पंगतीतले चौदा जण ताट घेऊन बाहेर उन्हात गेले. मी मोजले होते. मांडव पुढे संध्याकाळपर्यंत अगदी व्यवस्थित उभा राहिला, पण त्याचं श्रेय साडूंनी मांडवाला दिलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पारशिवनीकडचे, भाऊ अजून शेती करतात, हे मात्र तरुणपणीच नागपुरात आले आणि ट्रकांच्या ब्रेकमध्ये शिरले. शहराबाहेर, वाडी गावाच्या पुढे, अमरावती रोडच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड आहे. पूर्वी ट्रकचा ब्रेक म्हणजे हवा, नळ्या आणि ड्रायव्हरचा पाय एवढंच होतं. आता नव्या गाड्यांत पाय आणि चाक यांच्यामध्ये एक इलेक्ट्रॉनिक डबा बसलेला असतो. कोणत्या चाकाला किती हवा द्यायची, कोणतं चाक घसरतंय, कोणाची हवा क्षणभर सोडायची, हे तो ठरवतो. तो बिघडला की ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लागतो. तो डबा तपासायचा, गरज पडली तर बदलायचा, हे साडूंचं काम. बाकीचे मिस्त्री हे काम दोन तासांत करतात. साडूंना एक दिवस लागतो. एखादा घाईतला ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, तिकडचा मिस्त्री दोन घंट्यात करून देते." साडू चष्मा पुसत म्हणतात, "मंग जा न गा त्याच्याकडे. पन जाताना घरी फोन करून जाजो."

हे सगळं आता लिहायचं कारण असं की, गेल्या उन्हाळ्यात साडूंच्या हातातला पाना काढून घेण्याची कामगिरी माझ्यावर आली. साडूंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि साडू आठ महिने "करू, पाहू" करत होते. आमच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एक दिवस मला चहाला बोलावलं आणि दार लावून घेतलं. "भाऊ, काल यांनी सांबारात मिठाच्या ऐवजी साखर टाकली. इथंवर ठीक आहे. पन हा मानूस ट्रकचे ब्रेक जोडून राहिला न! मायं आयकत नाहीत, डॉक्टरचं आयकत नाहीत. तुमचे आकडे आयकतील. किती वेळ लागते, किती चुकते, सारं लिहून काढा आन् ठेवा त्यांच्यासमोर." माझी नोकरी पाण्याच्या मीटरचे आकडे पडताळण्याची. कुठला आकडा खरा आणि कुठला बसल्या जागी लिहिलेला, हे मला ओळखता येतं, अशी घरात एक समजूत आहे. मी तीन दिवसांची रजा टाकली, एक नवी वही घेतली आणि मनगटावर घड्याळ बांधून वाडीला गेलो.

पहिल्या दिवशी सिमेंटचा एक ट्रेलर सकाळी नऊ दहाला आत आला. साडूंनी पाना हातात घेतला तेव्हा दहा पंचावन्न झाले होते. मधल्या एक तास पंचेचाळीस मिनिटांत काय झालं ते मी ओळीनं लिहून ठेवलं आहे. आधी गाडी सपाट जागेवर आहे की नाही, हे त्यांनी एक लोखंडी गोळी जमिनीवर ठेवून पाहिलं. मग चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, आणि लावल्यावर प्रत्येक ठोकळ्याला लाथ मारली. मग हवेच्या टाक्यांचे नळ उघडले. टाकीतून हवा जाते तेव्हा कान बधिर होतील असा आवाज येतो. तो थांबला तरी ते उठेनात. काट्यावर शून्य आलं तरी उठेनात. शेवटी नळासमोर तळहात धरून, वारा लागत नाही याची खात्री झाल्यावर उठले. मग बॅटरीची तार सोडली, बॅटरीच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. नियम असा की, ज्याचे हात गाडीत, त्याच्याच खिशात किल्ली. त्यानंतर डब्यासमोर स्टूल टाकून दहा मिनिटं नुसते बसले. मी विचारलं, "आता काय?" तर म्हणाले, "आतमंदी थोडा करंट उरते. त्याले जाऊ द्या." एखाद्या घरी दुःखाला जाऊन आल्यावर माणसं बसतात तसे ते गप्प बसले होते. मी वहीत लिहिलं: 'निष्क्रिय वेळ, दहा मिनिटं.'

डब्याला हात लावण्याआधी ते गाडीच्या चॅसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, रंग खरवडलेल्या एका जागी हात टेकवतात. अंगातली वीज डब्यात जाऊन तो बिघडू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण ते ज्या गांभीर्यानं वाकतात आणि डोळे मिटतात, ते पाहून ड्रायव्हर लोकांचा वेगळाच समज झाला आहे. छत्तीसगडकडचा एक ड्रायव्हर तर येताना नारळ घेऊन आला आणि त्यानं तो चॅसीवरच फोडला. पाणी थेट नव्या डब्याच्या सॉकेटात गेलं. साडूंचा त्या दिवशीचा आवाज शेजारच्या टायरवाल्यानं ऐकला. "अरे, हा देव नाही बे! अर्थिंग आहे, अर्थिंग!" ड्रायव्हरनं हात जोडले आणि म्हणाला, "हाँ बाबूजी, वही." तेव्हापासून शेडच्या दारावर खडूनं लिहिलं आहे: 'नारळ बाहेर फोडावा.' म्हणजे साडूंनी अर्धी माघार घेतली आहे. लोकांना वाटतं की इथे काहीतरी आहे, आणि साडूंना वाटतं की निदान पाणी बाहेर पडतंय.

ही शिस्त शेडपुरती राहिली असती तर माझी तक्रार नव्हती. ती आमच्या घरात येते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नागपुरातच, बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पंख्याचा रेग्युलेटर गेला. साडू सहज आले होते, म्हणाले, "मी करून देतो न, इलेक्ट्रिशन काहून बोलावता?" त्यांनी मुख्य स्विचची पेटी बंद करून तिला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. इतक्यात भावाचा फोन आला की शेतावरचा पंप बंद पडला आहे. साडू पाच मिनिटांत निघाले. पारशिवनीला पोचले. किल्लीही पोचली. बाहेर पंचेचाळीस अंश, घरात कूलर बंद, फ्रिज बंद, पंखे बंद. मी फोन केला तर म्हणतात, "किल्ली मायाच खिशात आहे न? मंग कोनाले शॉक लागनार नाही. टेन्शन काहून घेता?" आम्ही पाच तास वीस मिनिटं त्या सुरक्षिततेत काढली. संध्याकाळी ते किल्ली घेऊन परत आले, तेव्हा आमच्या हिनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. साडूंच्या ते लक्षातही आलं नाही. ते रेग्युलेटर बसवत होते, आणि बसवण्याआधी पुन्हा दहा मिनिटं बसून होते.

इतकं सगळं करणाऱ्या माणसाच्या मागे एखादा अपघात असणार, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. पहिल्या दिवशी दुपारी जेवताना मी हळूच विषय काढला. शेडमध्ये गेली वीस वर्षं काम करणारे कवडूजी म्हणून एक मिस्त्री आहेत, तेही कान देऊन बसले. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. साडूंनी भाकरीचा घास खाली ठेवला. "काय झालं होतं म्हन्ता? काहीच झालं नाही. कोनाचं बोट गेलं नाही, कोनाचा जीव गेला नाही. मायाकडे सांगायले एक किस्सा नाही, भाऊ." मग घास पुन्हा उचलत म्हणाले, "म्हनून तर करतो." कवडूजींचा चेहरा पडला. त्यांना वीस वर्षांत एखादी तरी गोष्ट मिळेल अशी आशा होती.

दोन दिवसांत माझी वही भरत आली. एकूण सोळा तास चाळीस मिनिटांपैकी पाना प्रत्यक्ष फिरला तो एक तास बावन्न मिनिटं. उरलेला वेळ थांबणं, पुसणं, खुणा करणं आणि तपासणं यात गेला. खुणांचीही एक तऱ्हा आहे. चाकांवरच्या सेन्सरच्या तारा डब्यात खोचायच्या असतात. त्यांचे प्लग एकाच साच्यातले, कोणताही कुठेही बसेल असे. म्हणून सोडण्याआधी साडू प्रत्येक तारेला ताईंच्या भरतकामाच्या पेटीतला रेशमी दोरा बांधतात: पुढचं डावं लाल, पुढचं उजवं पिवळं, मागचं डावं निळं, मागचं उजवं हिरवं. ताईंच्या एका उशीच्या अभ्र्यावर मोराला निळा रंग मिळाला नाही म्हणून तो अर्धा तपकिरी आहे. आणि सगळं जोडून झालं, साबणाच्या पाण्यानं नळ्यांची गळती पाहून झाली, की शेवटची परीक्षा. गाडी स्टँडवर उचलायची, कवडूजींनी एकेक चाक हातानं फिरवायचं, आणि कोणतं चाक फिरतंय असं डबा म्हणतो, ते स्क्रीनवर साडूंनी वाचायचं. वाचायचं फक्त साडूंनी. दुसऱ्याच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नाही. हा नियम तीस वर्षं जुना आहे.

तिसऱ्या दिवशी तेलाचा टँकर होता. दुपारी साडेतीनच्या सुमाराला शेवटची परीक्षा सुरू झाली. पुढची दोन्ही चाकं झाली. कवडूजी मागे गेले आणि त्यांनी चाक फिरवलं. साडू लॅपटॉपकडे पाहत राहिले.

"कवडू, कोन्तं फिरवून राहिला?"

"मागचं डावं, मालक."

"थांबव. पुन्हा फिरव."

पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं. स्क्रीनवर अक्षरं चांगली बोटभर उंचीची होती आणि ती मलाही दिसत होती. कवडूजी मागचं डावं फिरवत होते आणि डबा मागचं उजवं म्हणत होता. साडू उठले, गाडीखाली वाकले, दोऱ्यांकडे डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले. मग मला जवळ बोलावून, हात न लावता, दोन प्लगांकडे बोट दाखवत म्हणाले, "भाऊ, यातला निळा कोन्ता?" मी दाखवला. त्यांनी मान हलवली. त्यांच्या हिशेबानं तो हिरवा होता.

कवडूजी म्हणाले, "मालक, अदलाबदल करून टाकतो. दोन मिनिटाचं काम आहे."

"आधी खाली उतरव," साडू म्हणाले. "ठोकळे पाहा. हवा काढ. बॅटरी काढ." आणि दोन मिनिटांचं काम त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, दहा मिनिटांच्या त्या बसण्यासकट, दोन तास करून घेतलं. फक्त या वेळी किल्ली कवडूजींच्या खिशात दिली. त्यांनी स्वतः पान्याला हात लावला नाही.

मी इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं. मला आनंद झाला होता. ताईंनी मागितलेला पुरावा माझ्या हातात आयता आला होता, आणि मी वेळ लिहून टाकली होती: तीन बेचाळीस. संध्याकाळी चहा घेताना मी गोड आवाजात म्हणालो, "चला, टेस्टनं पकडलं ना? म्हणजे तुमची पद्धत बरोबर आहे. फक्त आता डोळ्यांचं तेवढं करून घ्या." साडूंनी कप ठेवला. "टेस्टनं आज पकडलं, भाऊ. हा लॅपटॉप मागच्या हप्त्यात आला. त्याच्या आधी हातात धरायची ती लहान मशीन होती. तिचे अक्षरं मुंगीएवढे." मी म्हणालो, "बरं, मग?" ते म्हणाले, "मंग दोरा मीच बांधला, प्लग मीच लावला, आन् टेस्टची मशीनही मीच वाचली न! याच डोळ्यानं."

पुढे त्यांनी जे समजावलं ते ऐकून माझा चहा गार झाला. मागचे दोन प्लग उलटे लागले तर कोरड्या रस्त्यावर काहीही कळत नाही. गाडी छान थांबते, पिवळा दिवाही लागत नाही. पण रस्ता ओला असला आणि ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला, की घसरतं डावं चाक आणि डबा हवा सोडतो उजव्याची. मग एवढं मोठं धूड कुठे जाईल, ते कोणाच्याच हातात नाही. मे संपायला आला होता. पावसाला तीन आठवडे होते.

जो माणूस बायकोचं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, त्यानं त्या रात्रीच्या जेवणाआधी रजिस्टर काढलं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितल्या दिवसापासून ज्यांचा डबा त्यांनी स्वतः काढून बदलला होता, अशा सगळ्या गाड्यांची यादी मला करायला लावली. तेवीस निघाल्या. साडू म्हणाले, तेवीसच्या तेवीस परत बोलवायच्या. ताई म्हणाल्या, आधी ऑपरेशन. साडू म्हणाले, आधी गाड्या. "अवं, डोळा कुठं पळून चालला? गाड्या पळून राहिल्या न!" ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला पाना काढून घ्यायला पाठवलं होतं आणि मी घरी तेवीस ट्रक घेऊन आलो होतो.

आता ही चूक नीट पाहिली तर फक्त माझ्या साडूंच्याच हातून होण्यासारखी आहे. ज्या मिस्त्रीला स्वतःबद्दल थोडी शंका असते, तो दुसऱ्याला म्हणतो, बाबा, एकदा तू पण बघ. साडूंनी ट्रकवर संशय घेतला, हवेवर घेतला, विजेवर घेतला, जमिनीच्या उतारावर घेतला, आणि सगळ्यांवर पहारा ठेवायला एकच विश्वासू माणूस नेमला. तो माणूस निळ्याला हिरवा म्हणत होता. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "लिहून ठेवा वहीत. मोठ्या अक्षरात लिहा, म्हंजे मले वाचता येईल."

मी बारा दिवसांची रजा आणखी टाकली. सकाळी फोन करायचे, दिवसभर गाड्या तपासायच्या. फोनवरचा संवाद ठरलेला. साडू सांगायचे, "गाडी घेऊन या, ब्रेक पुन्हा पाहायचा आहे, मायी चूक असू शकते." पलीकडचा आधी, कोण बोलतंय, हे पुन्हा विचारायचा. इतक्या वर्षांत कोणा मिस्त्रीनं आपण होऊन असं म्हटल्याचं त्याच्या ऐकण्यात नव्हतं. एकाला वाटलं, साडू आजारी आहेत आणि सगळ्यांचा निरोप घेत आहेत. तो संत्र्याची करंडी घेऊन भेटायला आला. दुसऱ्यानं रागावून विचारलं, "मंग तेव्हा एक दिवस गाडी अडवून का केलं?" साडू म्हणाले, "आता दुसरा दिवस दे." तो शिव्या देत आला, पण आला. कवडूजी चाक फिरवायचे, मी स्क्रीन वाचायचो, आणि साडू मध्ये स्टुलावर पाठ करून बसायचे. स्क्रीनकडे पाहायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. मी "मागचं डावं" म्हणालो की ते ओरडायचे, "कवडू?" आणि गाडीमागून आवाज यायचा, "मागचं डावं, मालक!" त्यानंतर साडूंच्या खांद्यांचा ताण जरासा उतरायचा. पाठमोऱ्या माणसाचा चेहरा वाचता येतो हे मला तिथे कळलं.

बारा दिवसांत बावीस गाड्या झाल्या. बावीसच्या बावीस बरोबर निघाल्या. एकीतही प्लग उलटा नव्हता. म्हणजे साडूंच्या डोळ्यांनी दगा दिला तो फक्त माझ्यासमोर, माझ्या वहीच्या तिसऱ्या दिवशी. याचा मला थोडा रागही आला.

राहिली एक, तेविसावी. दहा चाकी टिप्पर, पिवळी. मालकानं ती मार्चमध्येच विकली होती. घेणारा रायपूरकडचा, त्यानं पुढे आणखी कोणाला दिली म्हणे. जो फोन नंबर मिळाला तो बंद. मी माझ्या परीनं समजूत घातली. म्हणालो, "साडभाऊ, बावीसमधून बावीस बरोबर आहेत. तेविसावी चुकीची असण्याची शक्यता किती उरते, बघा ना." साडूंनी मला शांतपणे विचारलं, "बावीस बरोबर निघाले म्हनून तेविसावी बरोबर, हे तुमच्या ऑफिसात चालते? बावीस घरचे मीटर वाचले आन् तेविसाव्याचं अंदाजानं लिहून टाकलं, तर तुम्ही पास करता?" मी पास करत नाही. या एका गोष्टीवरून मी तीन माणसांशी कायमचं वैर घेतलं आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन झालं. तिथेही तमाशा व्हायचा तो झालाच. डॉक्टर तरुण होते. साडूंनी त्यांना विचारलं, "आज कोन्ता डोळा?" डॉक्टर म्हणाले, "उजवा." साडूंनी विचारलं, "हे तुम्हाले कोनं सांगितलं? कागदानं? कागद कोनं लिहिला? आन् तो दुसऱ्या कोनं वाचला?" मी खाली पाहत राहिलो. पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन काढून साडूंच्या उजव्या भुवईवर बाण काढला, नर्सला बोलावून मोठ्यानं नाव आणि डोळा वाचायला लावला, मग स्वतः वाचला, मग साडूंनाच बोलायला लावलं. साडू चाकाच्या खुर्चीत मागे रेलले. "जा भाऊ तुम्ही घरी," मला म्हणाले, "हा आपल्यातला आहे."

महिन्याभरानं दुसरा डोळाही झाला. आता त्यांना सगळं दिसतं. ताईंच्या साडीचा रंग त्यांना जांभळा वाटायचा, तो निळा निघाला, अर्धा तपकिरी मोर पहिल्यांदा नीट दिसला तेव्हा त्यांनी ताईंना "असा काहून केला वं?" असं विचारलं, आणि ताईंनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. पाना त्यांच्या हातातून कोणी काढून घेतला नाही. ताईंनीही पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त आता शेडमध्ये प्रत्येक टेस्टचा स्क्रीन दोघं वाचतात, आधी कवडूजी आणि मग साडू, मोठ्यानं. त्यामुळे एका दिवसाचं काम सव्वा दिवसाचं झालं आहे.

पण रविवारी सकाळी ते शेडमध्ये नसतात. रायपूरकडून येणाऱ्या जड गाड्या शहरात न शिरता आउटर रिंग रोडनं जातात. तिथे एका वळणाजवळ चहाची टपरी आहे. साडू डोळ्यांवर काळा चष्मा लावून, छत्री घेऊन तिथल्या बाकावर बसतात. पहिल्या रविवारी ताईंनी मला त्यांना घरी आणायला पाठवलं. मी गेलो, एक चहा घेतला आणि दोन तास बसून राहिलो. त्यानंतर न पाठवताही जातो. पाऊस असला तर जरा लवकर जातो. वळणावर प्रत्येक गाडी वेग कमी करते, ब्रेकमधून हवा सुटल्याचा आवाज येतो, आणि पिवळी टिप्पर असली की साडू बाकावरून अर्धे उठतात. आता त्यांना गाडीच्या पाटीवरचा नंबर लांबूनच वाचता येतो. तरी ते आधी माझ्याकडे पाहतात. मी वाचतो, मग ते वाचतात, आणि मग आम्ही दोघं खाली बसतो.